इच्छा झाली का? असल्यास कशाची?

मला दिवसभरात सगळ्यात जास्त काय हवं असतं, ते आता माझ्याकडे लेखी आहे. पहिला नंबर झोपेचा. दुसरा, नुसतं टेकायला मिळण्याचा. तिसरा चहाचा, आणि तोही दुसऱ्या कुणीतरी करून हातात दिलेल्या. मग मोबाइल. त्याच्या बऱ्याच खाली, यादीच्या तळाशी, एक पैठणी आणि एक केदारनाथ. नोकरी सोडून द्यावी असं मी येताजाता म्हणत असते, ऑफिसातल्या बायकांना ते पाठ झालंय. पण फोनने जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा ही इच्छा एकदाही जागेवर सापडली नाही.

प्रकरण असं. माझी भाची पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. करते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला माणसं हवी होती. मैत्रिणी तयारच होत्या, पण सगळ्या बाविशीच्या आणि हॉस्टेलवरच्या. तिच्या मॅडम म्हणाल्या, संसारातली माणसं पण आण. संसारातली म्हणजे मावशी.

'मावशी, तुला काही करायचं नाहीये. फोन वाजला की चार-सहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. मिनिटही लागत नाही.'

मी बँकेत काउंटरवर बसते. 'मिनिटही लागत नाही' हे वाक्य मी स्वतः रोज लोकांना ऐकवते, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. पण बहिणीची मुलगी. हो म्हटलं.

फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. सकाळपासून रात्रीपर्यंत ते अधूनमधून वाजणार, कधी ते सांगणार नाही. वाजलं की विचारणार: आत्ता किंवा गेल्या अर्ध्या तासात तुम्हाला कशाची इच्छा झाली का? झाली असल्यास कशाची? किती तीव्र, एक ते सात? या इच्छेचा तुमच्या एखाद्या उद्दिष्टाशी संघर्ष होतो का? तुम्ही तिला विरोध केलात का? ती पूर्ण झाली का? आत्ता मनःस्थिती कशी आहे? सोबत कोण आहे? असा आठवडाभर.

वेळ आधी का सांगत नाहीत, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे कॅश मोजायला साहेब असेच न सांगता येतात. सांगून आले तर ड्रॉवर नीटच असणार. दुपारी दोनला फोन वाजणार हे माहीत असतं, तर पावणेदोनपासून मी चांगल्या चांगल्या इच्छा जमवायला घेतल्या असत्या.

ही पद्धत भाचीची नाही, हे तिनेच सांगितलं. १९७०च्या दशकात शिकागो विद्यापीठात मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी ती सुरू केली. (हे नाव म्हणायला भाचीने रियाज केला होता. माझं अजून अडखळतं.) तेव्हा मोबाइल कुठले? डॉक्टर लोक कमरेला लावायचे तसले पेजर त्यांनी शाळकरी पोरांना दिले. पेजर वाजला की हातातलं सोडून वहीत लिहायचं: कुठे आहे, काय करतोय, मनात काय चाललंय, कसं वाटतंय. आठवून सांगितलेलं नको, आत्ताचं हवं. पुढे पेजर गेले, तळहातावर मावणारे छोटे संगणक आले, आणि मग स्मार्टफोन आल्यावर या लोकांची चंगळच झाली, कारण माणूस आता स्वतःच ते यंत्र विकत घेऊन, चार्ज करून, उशाशी घेऊन झोपतो.

आपल्याकडेही हे झालंय, आणि स्मार्टफोनच्या आधी. चंदीगडच्या सुमन वर्मा आणि चिक्सेंटमिहाय यांच्यासोबत काम केलेले रीड लार्सन, या दोघांनी आठवीतली शंभर मध्यमवर्गीय मुलं घेतली आणि त्यांना गजराची घड्याळं दिली. त्यांच्या आईवडिलांनाही. पोरांचा जागेपणीचा तिसरा हिस्सा अभ्यास खात होता, आणि त्या वेळात पोरं नाखूश होती. हे २००२ साली छापून आलं. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, नाहीतर त्याचा दहावीचा टाइमटेबल करताना मी हे वाचून ठेवलं असतं. खरं सांगायचं तर वाचूनही तसाच टाइमटेबल केला असता. त्याच मुलांबद्दलची दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. घरच्यांबरोबर त्यांचा भरपूर वेळ जायचा, आणि त्या वेळी ती तोंड पाडून बसलेली नसायची. चौदाव्या वर्षी पोरगं घरच्यांपासून तुटतं, खोलीचं दार लावून घेतं, असं जे पुस्तकात असतं ते दुसऱ्या देशातल्या पोरांना विचारून लिहिलेलं आहे. चंदीगडच्या पोरांना विचारलं तर वेगळं निघालं.

आता माझं.

सकाळची सगळी उत्तरं रिकामी गेली. डोंबिवलीहून दादर, फास्ट लोकल, लेडीज डबा. ज्या बायकांनी हा प्रवास केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पर्स छातीशी, फोन पर्समध्ये, आणि हात वर कडीला. फोन वाजतो ते कळतं, कारण तो बरगडीला लागतो, पण काढणार कशाने? ठाण्याला कोण उतरणार याची चौकशी चाललेली असते, एखादी चौथ्या सीटवर निम्मी टेकलेली असते, खिडकीपाशी बसलेली मटार सोलत असते. उत्तर द्यायला पंधरा मिनिटं मिळत. पंधरा मिनिटांनी प्रश्न आपला आपण निघून जायचा, आणि मी दादरला उतरून फोन काढेपर्यंत 'आपण एक संधी गमावली' असं यायचं. संधी!

भाचीचा फोन. 'मावशी, तुझे सकाळचे सगळे पिंग मिस आहेत गं.'

'मग ट्रेनमध्ये तूच ये आणि विचार.'

ती हसली, पण मग गंभीरपणे म्हणाली की हा त्यांच्याकडचा जुनाच त्रास आहे. उत्तरं अशीतशी कुठलीही गळत नाहीत. गर्दी, भांडण, घाई, दवाखाना, म्हणजे जिथे माणूस पुरता अडकलेला असतो नेमकी तिथली गळतात. राहतात ती निवांतपणाची उत्तरं. तेव्हा माझी नोंदवही वाचणाऱ्या माणसाला वाटेल, ही बाई सकाळी साडेआठ ते साडेनऊ अस्तित्वातच नसते. चूक नाही म्हणा.

बँकेत फोन ड्रॉवरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत एकदा वाजला तेव्हा समोर डबे उघडलेले होते आणि मैत्रिणीने तिच्याकडची सुरळीची वडी पुढे केली होती. इच्छा: सुरळीची वडी. तीव्रता: सहा. उद्दिष्टाशी संघर्ष: होय, साखर आणि वजन दोन्ही. विरोध: थोडासा. पूर्ण झाली का: लिहिता लिहिताच. सोबत कोण: चौघी, सगळ्यांच्या तोंडात वडी. हे नंतर भाचीला सांगितलं तर तिने टाळीच दिली. म्हणाली, हे तर अगदी जर्मनीसारखं!

जर्मनीचं काय ते तिने सविस्तर सांगितलं, आणि माझं या सगळ्यात खरं मन लागलं ते तिथून. विल्हेल्म हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुर्झबर्ग शहरात २०५ माणसांना आठवडाभरासाठी ब्लॅकबेरी फोन दिले. दिवसातून सात वेळा विचारायचं, जवळजवळ माझ्यासारखेच प्रश्न. किंवा खरं म्हणजे माझे प्रश्न त्यांच्यासारखे. भाचीने तिथूनच घेतलेत. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. एकूण ७,८२७ इच्छांची नोंद झाली. एवढ्या इच्छा एका जागी गोळा झालेल्या मी तरी देवळातही पाहिल्या नाहीत.

त्यात काय होतं? खाणं, पिणं (साधं पिणं, पाणी-सरबत-कॉफीवालं), झोप. जर्मनीतही झोपच! मला फार बरं वाटलं. बहुतेक इच्छा साध्या, निरुपद्रवी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या. आपण लहानपणापासून षड्रिपू ऐकत आलो, काम, क्रोध, लोभ, त्यामुळे इच्छा म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी दांडगं येतं. इथे हजारो नोंदींत माणसांना मुख्यतः जेवायचं होतं, काहीतरी प्यायचं होतं आणि आडवं व्हायचं होतं.

साधारण निम्म्या इच्छा कुठल्या ना कुठल्या उद्दिष्टाच्या आड येणाऱ्या निघाल्या. काम पडलंय आणि झोप येतेय, वजन कमी करायचंय आणि केक समोर आहे, असं. आणि सोबतची माणसं तेच करत असतील, म्हणजे तोंडात वडी असेल, तर विरोध आणखी ढिला पडतो. भाचीची टाळी त्यासाठी होती. मोबाइल-टीव्ही वगैरे बघण्याच्या इच्छेला विरोध करण्यात माणसं फार वाईट हरत होती. २०१२ साली! तेव्हा रील्सचा पत्ताही नव्हता.

इथे एक गंमत सांगते. त्या जर्मन लोकांना फोन वेगळा दिला होता, फक्त उत्तरांसाठी. माझं ॲप माझ्याच फोनमध्ये. 'आत्ता कशाची इच्छा झाली?' याचं उत्तर लिहायला फोन हातात घ्यायचा, उत्तर द्यायचं, आणि फोन हातात आलाच आहे तर सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून काय पेटलंय ते बघायचं. वीस मिनिटं गेली. ती इच्छा मोजायला आलेल्या प्रश्नानेच पैदा केलेली. भाचीच्या मॅडमना हे माहीत आहे म्हणे, त्यावर उपाय काय ते मात्र भाचीने सांगितलं नाही.

रात्री अंथरुणात जे चालतं ते तर कुठेच नोंदलं जात नाही, कारण दहाच्या पुढे ॲप गप्प बसायचं. वाजलं असतं तर उत्तर सरळ होतं. इच्छा: झोपायची. हातात: फोन. मनःस्थिती: स्वतःवर वैतागलेली. हॉफमन मंडळींनी याचंही बघितलंय. नको म्हणत असताना, मनात टोचत असताना जी इच्छा पुरी केली, तिचा आनंद निर्धोक इच्छेच्या आनंदापेक्षा कमी भरतो. साडेअकराला बघितलेल्या विसाव्या रीलबद्दल मला हे कुणी वेगळं सांगायला नको होतं, पण कुणीतरी मोजून ठेवलंय हे बरं.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. नवरा साडेपाचला उठतो, फिरायला जातो, लग्नात गुलाबजाम नको म्हणतो. सगळे नातेवाईक म्हणतात, काय संयम आहे हो यांचा. मी तीस वर्षं हे ऐकतेय आणि तीस वर्षं माझ्या मनात आहे की याला संयम म्हणायचं का, त्याला गुलाबजाम आवडतच नाही. याला शास्त्राचा आधार मिळेल असं मला वाटलं नव्हतं. तर मिळाला. त्याच जर्मन अभ्यासात, ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त असतो असं त्यांच्या स्वभावाच्या चाचणीतून दिसलं, ती माणसं दिवसभरात मनाशी कमी झगडत होती. झगडून जिंकत असतील असं आपल्याला वाटतं, पण त्यांच्या वाट्याला ओढाताणच कमी होती. नंतर २०१७ साली कॅनडातल्या विद्यार्थ्यांवर असंच फोनवर विचारून केलेलं काम आलं. मरिना मिल्याव्स्काया आणि मायकेल इन्झलिख्ट यांचं. त्यात सत्राच्या शेवटी कुणाची उद्दिष्टं पुरी झाली? ज्यांनी दात-ओठ खाऊन मोह आवरला त्यांची, असं नाही निघालं. आवरण्याच्या कष्टाचा फरकच पडला नाही. ज्यांना मोह कमी झाले त्यांचं काम झालं. ज्यांना सारखे मोह होत होते ती मुलं वर थकूनही गेली होती.

हे ऐकून मला एकादशी आठवली. आषाढी-कार्तिकीला मला भाताची आठवणसुद्धा होत नाही. समोर कुणी वरणभात कालवला तरी नाही. ते त्या दिवशी नसतंच, विषय मिटलेला असतो. (साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याच्या चकत्या हा भाग वेगळा, एकादशी दुप्पट खाशी हे कुणी उगाच नाही म्हटलेलं.) आणि ज्या सोमवारी मी 'आजपासून साखर बंद' म्हणते त्या सोमवारी सकाळी नऊपासून मला जिलबी दिसते. नोंदवहीत तो सोमवार आहे. चहा-साखर, चहा-साखर, बिस्किट, चहा-साखर. विरोध: होय, होय, होय, होय. पूर्ण झाली का: नाही, नाही, होय, होय.

नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मग माझं कौतुक करायचं की नाही?' म्हटलं, कर ना, पण नातेवाईकांना खरं काय ते सांगून कर.

अमेरिकेतल्या एका अभ्यासाशी मात्र माझं भांडण आहे. हार्वर्डचे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट. २०१० साली त्यांनी आयफोनवरून २,२५० माणसांना विचारलं: आत्ता काय करताय, कसं वाटतंय, आणि हातातल्या कामाखेरीज दुसऱ्याच कशाचा विचार चालू आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. आणि मन दुसरीकडे असताना माणसं कमी सुखी होती. हातात काम कुठलं आहे यापेक्षा मन कुठे आहे यावरून सुखाचा अंदाज जास्त बरा येत होता. छान छान विचारात रमलेली माणसंसुद्धा कामात लक्ष असलेल्या माणसांपेक्षा जास्त सुखी नव्हती.

मी म्हटलं, हे त्यांनी डोंबिवली लोकलमध्ये विचारावं. तिथे मन जागेवर ठेवून मी काय करू? पुढच्या बाईच्या वेणीचा अभ्यास? मी दिवा स्टेशनच्या पुढे गेले की मनाने थेट आजोळी, रत्नागिरीला, माजघरात. तिथून मी दादरला परत येते आणि येताना बऱ्या मूडमध्ये येते. भाची म्हणाली, मावशी, ही सरासरी आहे, तुझं एकटीचं वेगळं असू शकतं. शिवाय त्यांनी आधीचं-नंतरचं ताडून बघितलंय, आधी मन भरकटतं आणि मग मूड उतरतो असं दिसलं, उलटं नाही. ठीक आहे. पण २०१० साली आयफोन खिशात असलेला माणूस, सरासरी वय चौतीस, याला सकाळी बसायला जागा मिळत असावी, एवढं माझं म्हणणं मी सोडणार नाही.

आठवड्याच्या शेवटी एक मोठा फॉर्म आला. गेला आठवडा एकंदर कसा गेला? मी क्षणाचाही विचार न करता लिहिलं: वाईट. शुक्रवारी दिवस बंद करताना हिशोब जुळेना, आठ वाजेपर्यंत बसावं लागलं, वर एका ग्राहकाने सगळ्यांसमोर आवाज चढवला होता. भाचीने मग माझे आठवड्याचे आकडे समोर ठेवले. मनःस्थितीची रेघ बरी सरळ, मध्ये मध्ये वर गेलेली. बुधवारी संध्याकाळी बरीच वर. बुधवारी काय होतं? मला आठवेचना. नोंद बघितली तर 'गच्चीवर पापड, पाऊस आला, शेजारीण आणि मी धावलो'. हे मी पार विसरले होते. शुक्रवार लक्षात राहिला आणि त्याने सगळ्या आठवड्यावर आपला शिक्का मारला.

याच्यावरही अभ्यास आहे, २००३ सालचा, अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांचा. वसंताच्या सुट्टीवर जाण्याआधी त्यांना विचारलं, सुट्टीत असताना छोट्या संगणकांवर विचारलं, परत आल्यावर विचारलं. आधीची अपेक्षा आणि नंतरची आठवण, दोन्ही प्रत्यक्षापेक्षा भडक. सुख जास्त, आणि वैतागही जास्त. आणि पुन्हा अशी सुट्टी घ्यायची का, हे कशावर ठरलं? आठवणीवर. प्रत्यक्ष त्या क्षणी कसं वाटत होतं, त्याला कुणी विचारलं नाही. गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला हे पटावं. उभ्याने प्रवास, गावी वीज गेलेली, एका मोरीसमोर सोळा माणसं, पुरुष बाहेर भजनाला आणि आम्ही आत मोदकाच्या उकडीला. घरी आल्यावर फोटो बघायचे आणि तिकिटं कधी खुली होतात ते विचारायचं.

पण त्याआधी, आठवडा चालू असतानाच, भाचीला माझ्या आकड्यांत जे खटकलं ते याच्यापेक्षा वेगळं होतं. संध्याकाळच्या नोंदींच्या रांगा.

संध्याकाळी मी सव्वासातला घरी पोचते. चप्पल काढते, हातपाय धुते आणि ओट्याशी उभी राहते. एका संध्याकाळचं सांगते. कुकर लावलेला, कणीक परातीत, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, आणि खिडकीच्या कट्ट्यावर फोन वाजला. बोटाच्या पेराने उघडला. स्क्रीनवर कणकेचा ठिपका अजून आहे, काचेच्या कव्हरखाली गेलाय. कशाची इच्छा झाली? बसायची. तीव्रता? सात. संघर्ष कुठल्या उद्दिष्टाशी? आता पोळ्या हे काय माझं उद्दिष्ट आहे? 'नाही' लिहिलं. इच्छेला विरोध केलात? मी कशाला विरोध करू, मला तर बसायचंच होतं. 'नाही'. पूर्ण झाली का? 'नाही'. सोबत कोण? बाहेरच्या खोलीत सासूबाई, त्यांना साडेसातला जेवायला लागतं, गोळ्या असतात. नवरा आलेला. मुलगा आंघोळीला.

अशा रांगा एकामागून एक. तीव्र इच्छा, संघर्ष नाही, विरोध नाही, पूर्ण नाही.

भाची म्हणाली, 'मावशी, हे असं बसत नाही गं. विरोध केला नाही तर इच्छा बहुतेक पूर्ण होते.' जर्मनीत तसंच होतं. ज्या इच्छेला विरोध केला नाही त्यातल्या सुमारे ७० टक्के पुऱ्या झाल्या, आणि विरोध केलेल्यांपैकी फक्त १७ टक्के. तिला वाटलं, मी प्रश्न नीट वाचले नाहीत.

मी विचारलं, आणि ते उरलेले ३०? ज्यांनी विरोधही केला नाही आणि ज्यांना मिळालंही नाही?

ती जरा थांबली. म्हणाली, असतील काही कारणं, दुकान बंद असेल, मीटिंग असेल, बस आली असेल. म्हटलं, बरोबर. माझी बस रोज सव्वासातला येते आणि साडेनऊला जाते.

मला हे तिला नीट सांगता आलं की नाही कोण जाणे, इथे सांगून बघते. तो फॉर्म एकट्या माणसाचा आहे. एक इच्छा, समोर एक उद्दिष्ट, दोघांची कुस्ती आणि निकाल. दुपारी सुरळीच्या वडीशी माझी तशी कुस्ती होते, फॉर्म चपखल बसतो. पण घरात पाऊल टाकलं की माझ्या इच्छेची कुणाशी कुस्ती होत नाही. ती नंबर लावून उभी राहते. पुढे सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा डबा, नवऱ्याचं 'जरा चहा टाकतेस का'. नंबर येईपर्यंत काउंटर बंद झालेलं असतं. यात कुणी खलनायक नाही. सासूबाई तर 'तू जरा टेक गं' असं स्वतः म्हणतात, आणि मी 'टेकते आई' म्हणून पुढची पोळी लाटते.

भाचीने हे मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, अभ्यास चालू असताना प्रश्न बदलता येत नाहीत, नाहीतर आधीची उत्तरं वाया. पण शेवटी 'अन्य' म्हणून एक मोकळी चौकट आहे, तिथे लिहू दे. मग मी तिथे लिहायला लागले. 'आईंच्या गोळ्या.' 'डबा.' 'पाहुणे.' 'लाटणं हातात.'

महिनाभराने भाची घरी आली ती लॅपटॉप घेऊनच. सगळ्यांची 'अन्य'ची चौकट तिने एकत्र केली होती, नावं काढून. हॉस्टेलच्या मुलींच्या चौकटी जवळजवळ कोऱ्या. लग्न झालेल्या बायकांच्या भरलेल्या, आणि बहुतेक संध्याकाळच्याच. 'बाळ उठलं.' 'सासरे आले.' 'आधी ह्यांचं ताट.' 'गॅस चालू.' एकीने नुसतं 'नंतर' लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा. पुरुषांपैकी एकाने 'आईला डायलिसिसला नेलं' असं लिहिलं होतं, एकाच आठवड्यात एकाहून जास्त वेळा. तो कोण ते मला माहीत नाही, पण त्याच्या मनःस्थितीचे आकडे भाचीने मला दाखवले नाहीत आणि मीही मागितले नाहीत.

मॅडमनी ती चौकट बघून पुढच्या फॉर्ममध्ये नवीन पर्याय घालायचं ठरवलं आहे. पूर्ण का झाली नाही? विरोध केला, शक्य नव्हतं, आणि हा तिसरा. शब्द काय ठेवायचे यावर मावशी-भाचीचं आख्खी दुपारभर चाललं. तिचं म्हणणं: 'इतर व्यक्तींच्या गरजांना प्राधान्य दिल्यामुळे पुढे ढकलली.'

म्हटलं, हे वाचून होईपर्यंत पोळी करपेल. 'आधी दुसऱ्यांचं' एवढंच लिही.

'मावशी, ते शास्त्रीय वाटत नाही.'

'पण कळतंय ना?'

दोन्ही मजकूर मॅडमकडे गेले आहेत. पुढच्या फेरीला साठीच्या पुढची माणसं हवी आहेत म्हणे. सासूबाईंनी आपण होऊन नाव दिलंय. अक्षरं मोठी पाहिजेत, आणि दुपारी दोन ते चार फोन वाजता कामा नये, एवढ्याच त्यांच्या अटी आहेत.